विमानप्रवासात कॅमेऱ्याचे रोल एक्स-रेपासून कसे वाचवायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिल्म कॅमेरा परत बाहेर काढलेली बरीच मंडळी आहेत हल्ली. कोणाला आजोबांचा याशिका सापडला, कोणी जुना निकॉन एफएम घेतला, आणि पहिली ट्रिप ठरली की पहिला प्रश्न हाच येतो की रोल एअरपोर्टच्या मशीनमधून जाऊ द्यायचे की नाही. तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळी उत्तरं एकदाच लिहून टाकतोय.

उद्या सकाळची फ्लाइट आहे, एवढं सगळं वाचायला वेळ नाही, थोडक्यात सांगा ना?

रोल मोठ्या सुटकेसमधे टाकू नका, कधीच नाही, कितीही आयएसओचा असो (आयएसओ म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे तो डबीवरचा आकडा). सगळे रोल खोक्यातून काढून एका पारदर्शक झिपलॉक पिशवीत भरा, पिशवी हँडबॅगेत अगदी वरती ठेवा, सिक्युरिटीला पोचल्यावर पिशवी हातात घ्या आणि हाताने तपासायची विनंती करा. नाही म्हणाले आणि मशीन जुन्या पद्धतीचं असेल तर 100, 200, 400 चा रोल निवांत जाऊ द्या. मशीन नवीन सीटीवालं (बॅगेची सगळ्या बाजूंनी चित्रं घेणारं) असेल तर मात्र परत एकदा गोड बोलून बघा. एवढं पुरतं, बाकीचं विमानात बसून वाचा.

एक्स-रेने रोलला नक्की होतं काय?

फिल्मवर जिलेटिनच्या थरात सिल्व्हर हॅलाइडचे बारीक स्फटिक असतात. त्यांच्यावर उजेड पडला की त्यात न दिसणारी प्रतिमा तयार होते आणि रोल धुतला की ती दिसायला लागते. आता त्या स्फटिकाला उजेड आणि एक्स-रे यातला फरक कळत नाही, एक्स-रे लागला तरी तो 'मी एक्सपोज झालो' असंच समजतो. उजेडाला डबी अडवते, एक्स-रेला प्लॅस्टिकची डबी काय आणि रोलचं पातळ पत्र्याचं कवच काय, दोन्ही सारखंच. म्हणून रोल बंद असतानाच त्यावर हलका थर चढतो, त्याला फॉग म्हणतात. धुतल्यावर निगेटिव्हची पारदर्शक जागा करडी दिसते, प्रिंटमधे काळा रंग काळा न राहता दुधाळ होतो, सावलीतले बारकावे जातात, ग्रेन, म्हणजे दाणेदारपणा, वाढते आणि कलर रोल असेल तर सावल्यांना विचित्र रंगाची झाक येते.

जास्त आयएसओच्या फिल्मचे स्फटिक मोठे असतात आणि मोठा स्फटिक एक्स-रेला जास्त सहज सापडतो, म्हणून 100 च्या मानाने 800 चा रोल लवकर मरतो.

बाय द वे, रेडिएशन पकडणं हे फिल्मचं जुनंच काम आहे. 1896 मधे फ्रेंच शास्त्रज्ञ बेकरेलला युरेनियमची किरणं सापडली ती काळ्या कागदात गुंडाळलेल्या फोटोच्या काचेमुळेच. 1945 मधे अमेरिकेत पहिल्या अणुचाचणीनंतर कोडॅकच्या एक्स-रे फिल्मवर ठिपके यायला लागले, शोध घेतल्यावर कळलं की पॅकिंगच्या पुठ्ठ्यात चाचणीची किरणोत्सारी धूळ आली होती, तीही शेकडो मैलांवरून. आपल्याकडची उटीची हिंदुस्तान फोटो फिल्म्स, 'इंदू' ब्रँडवाली, तीही फोटोच्या रोलबरोबर एक्स-रेची फिल्म बनवायचीच की. तर फिल्मला हे सगळं लागतं यात शंका नको, प्रश्न फक्त किती लागतं एवढाच आहे.

चेक-इन सामानात का नको? सुटकेस तर जास्त सेफ वाटते, कोणी हात लावत नाही.

हात लावत नाही पण मशीन लावतं. बेल्टवर गेलेली बॅग आपल्याला न दिसणाऱ्या मशीनमधून जाते, तिथला डोस हँडबॅगच्या मशीनपेक्षा कितीतरी जास्त असतो कारण स्फोटकं शोधायची असतात आणि समोर माणूस उभा नसतो. 1990 च्या दशकात अमेरिकेत ही सीटीएक्स मशीनं (चेक-इन सामानाची सीटी स्कॅनर) यायला लागली तेव्हाच कोडॅकने तपासून सांगितलं होतं की यातून गेलेल्या रोलवर स्पष्ट पट्टे उठतात. मशीन आधी साधी पाहणी करतं आणि संशय आला की त्या जागेवर बारीक पण तीव्र किरण मारतं, तो पट्टा रोलच्या गुंडाळीतून आरपार जातो आणि रोल उलगडला की लाटेसारखा दिसतो. म्हणजे सगळ्या फोटोंवर सारखी धूळ नाही, तर मधेच एक जाड पट्टा, आणि तोही नेमका बायकोच्या चेहऱ्यावरून.

सुटकेसमधे कपड्यांच्या मधोमध ठेवला, स्टीलच्या डब्यात ठेवला, फॉइलमधे गुंडाळला, याने काहीही फरक पडत नाही. उलट स्टीलचा डबा काळा दिसला की ती जागा परत स्कॅन करतील.

साधं मशीन आणि सीटी मशीन यात फरक काय, आणि रांगेत उभं राहून ओळखायचं कसं?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि हाच सगळ्यात कमी विचारला जातो. साध्या मशीनमधे एक्स-रेचा स्रोत एका जागी असतो, बॅग त्याच्या समोरून सरकते आणि एका किंवा दोन बाजूंनी चपटं चित्र मिळतं. डोस फार कमी. अशा काही जुन्या मशीनवर आयएसओ 1600 पर्यंत फिल्म सेफ असल्याचं लिहिलेलंही असायचं, डिन 33 म्हणून, आणि ते बऱ्यापैकी खरं होतं. आपल्या काकांनी नव्वदच्या दशकात दुबईला रोल नेले आणि काही झालं नाही म्हणतात ते याच मशीनमुळे.

सीटी मशीन म्हणजे हॉस्पिटलमधल्या सीटी स्कॅनचाच प्रकार. स्रोत बॅगेभोवती गरगर फिरतो, शेकडो बाजूंनी चित्रं घेतो आणि ऑपरेटरला बॅग स्क्रीनवर गोल फिरवून बघता येते. त्याचा डोस जास्त. कोडॅकने स्पष्ट सांगितलंय की न धुतलेला रोल यात घालू नका, इलफर्डची फिल्म बनवणाऱ्या हारमन कंपनीचंही तेच म्हणणं आहे. 400 च्या रोलवर एका फेरीतही फरक दिसू शकतो.

ओळखायची खूण अशी: साधं मशीन म्हणजे चौकोनी पेटी, तोंडाला काळ्या रबराच्या झालरी. सीटी मशीन बोजड असतं, बहुतेक पांढरं, मधला भाग फुगीर आणि गोलसर, ट्रे एका लांब बोगद्यात जातात. पण आकारापेक्षा पक्की खूण म्हणजे तिथला माणूस काय ओरडतोय. 'लॅपटॉप बाहेर काढा, कॅमेरा बाहेर काढा, चार्जर वेगळा' असं चाललं असेल तर साधं मशीन असण्याची शक्यता जास्त. 'काही काढू नका, सगळं आतच राहू द्या, पाण्याची बाटली पण चालेल' असं ऐकू आलं की सावध व्हा, तो सीटी. बाकी प्रवाशांची सोय ती आपली गैरसोय.

भारतात कुठे सीटी आहे?

यादी देत नाही कारण दर काही महिन्यांनी बदलते आणि एकाच टर्मिनलमधे एका रांगेत जुनं, शेजारी नवं असंही असतं. बीसीएएसने, म्हणजे विमानतळ सुरक्षेचे नियम करणाऱ्या सरकारी खात्याने, मोठ्या विमानतळांना 2023 च्या अखेरपर्यंत ही नवीन मशीनं बसवायला सांगितलं होतं, पण काम रेंगाळलं. दिल्ली-बंगळुरूला चाचण्या झाल्या. म्हणून गेल्या वर्षी अमुक एअरपोर्टवर साधं होतं हे पुढच्या ट्रिपला धरून चालू नका, प्रत्येक वेळी डोळ्याने बघा.

मग किती आयएसओपर्यंत चालतं?

साध्या मशीनबद्दल बोलायचं तर गोल्ड 200, कलरप्लस, एकटार 100, पोर्ट्रा 160 यांना एक-दोन फेऱ्यांनी काही होत नाही, तुम्हाला फरक शोधूनही सापडणार नाही. 400 वाले, म्हणजे एचपी5, ट्राय-एक्स, अल्ट्रामॅक्स, पोर्ट्रा 400, हेही साध्या ट्रिपला ठीक. 800 पासून वर मात्र हाताने तपासणीच मागायची, त्यात सिनेस्टिल 800टी, पोर्ट्रा 800 आले, आणि डेल्टा 3200 किंवा टी-मॅक्स पी3200 असेल तर थोडा हट्टही करायचा.

एक गोष्ट लोक विसरतात. डबीवर 400 लिहिलंय पण तुम्ही तो 1600 ला पुश करणार असाल, म्हणजे 1600 चा समजून फोटो काढून जास्त वेळ धुणार असाल, तर त्याला 1600 चाच समजा, कारण जास्त वेळ धुताना फॉगही तेवढाच वर येतो. पावसाळ्यात संध्याकाळी एचपी5 पुश करणारे खूप जण आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवा.

सीटीला मात्र हा हिशोब लागू नाही. 100 ला कमी आणि 800 ला जास्त त्रास होईल हे खरं, पण 'चालतं' असा आकडा कोणी देत नाही.

एकाच ट्रिपमधे किती वेळा गेला तर चालेल?

डोस साठत जातो, हे डोक्यात पक्कं करा. थेंबे थेंबे तळे साचे हा प्रकार. रोलला मधे झोपू दिलं, फ्रिजमधे ठेवला, म्हणून मागचं पुसलं जात नाही. अमेरिकेच्या टीएसएच्या (तिथलं विमानतळ सुरक्षा खातं) जुन्या सूचनांमधे पाचापेक्षा जास्त वेळा जाणारी फिल्म, मग ती कुठल्याही स्पीडची असो, हाताने तपासून घ्या असं होतं. साध्या मशीनसाठी तो आकडा मला आजही बरा वाटतो.

आता मोजा. मुंबई ते दिल्ली, दिल्लीला मेट्रो, हॉटेलच्या दारातलं मशीन, मॉल, परत मेट्रो, मग श्रीनगरची फ्लाइट. परत निघताना श्रीनगर एअरपोर्टला तर टर्मिनलच्या आधीच गाडीतून सगळं उतरवून गेटवर एक स्कॅन होतं आणि मग आत नेहमीचं. पाचाचा आकडा कधी उलटला कळणारही नाही, आणि श्रीनगरला पोचेपर्यंत एअरपोर्टच्या तर यातल्या दोनच फेऱ्या झाल्या. पुण्यात-मुंबईत मेट्रोने रोज कॅमेरा घेऊन फिरणाऱ्यांनी हे जास्त मनावर घ्यायला पाहिजे, कारण एअरपोर्टला जिवाचा आटापिटा करायचा आणि तोच रोल महिनाभर बॅगेत ठेवून मेट्रोच्या मशीनमधून रोज दोनदा पाठवायचा याला काही अर्थ नाही. मेट्रोला जाताना रोल शर्टाच्या नाहीतर जीन्सच्या खिशात टाका, विचारलं तर काढून दाखवा, संपलं.

वारीला, कोकणात, गडावर एसटीने नाहीतर गाडीने जाणाऱ्यांनी यातलं काहीही करायची गरज नाही. रोल उन्हात तापलेल्या गाडीत सोडू नका फक्त, आपल्याकडे एक्स-रेपेक्षा उन्हाने मेलेले रोल जास्त असतील.

हाताने तपासा हे सांगायचं कसं? सीआयएसएफवाले ऐकतात का?

ऐकतात, नाहीही ऐकत, माणसावर आणि गर्दीवर आहे. पण कसं विचारता याने खूप फरक पडतो. बॅग बेल्टवर टाकायच्या आधी, ट्रे लावणाऱ्या जवानाला, पिशवी हातात दाखवत साध्या हिंदीत सांगा: 'सर, ये कैमरे की पुरानी वाली रील है, एक्स-रे से फोटो खराब हो जाते हैं, हाथ से चेक कर लेंगे क्या?' फिल्म म्हटलं की सिनेमा वाटतो, आयएसओ म्हटलं की काहीच वाटत नाही, 'रील' आणि 'पुरानी वाली' म्हटलं की चाळिशीच्या पुढचा जवान लगेच ओळखतो, कधी कधी 'अभी भी मिलता है ये?' अशा गप्पा पण सुरू होतात. पंचवीस वर्षांच्या पोराला मात्र रील म्हणजे इन्स्टाग्राम, त्याला डबी उघडून दाखवावी लागते.

लवकर जा. सकाळी साडेपाचच्या गर्दीत मागे शंभर माणसं उभी असताना तुमचे पंधरा रोल कोणी हातात घेऊन बघणार नाही, आणि खरं सांगायचं तर त्यात त्याचं चूकही नाही.

रोल खोक्यातून काढलेले हवेत, डब्या शक्यतो पारदर्शक, काळी डबी असेल तर रोल सुटे काढून ठेवा. तपासणी म्हणजे बहुतेक वेळा एक पांढरी पट्टी रोलवरून फिरवून मशीनमधे घालतात, ती स्फोटकांच्या अंशाची तपासणी, त्याने फिल्मला काही होत नाही. एकदा माझ्यासमोर एका जवानाने नवा रोल उचलला, कानाशी नेऊन हलवला, मग बाहेर आलेलं टोक चिमटीत धरून हळूच ओढायला लागला, बोटभर बाहेर आल्यावर मी 'सर सर सर' केलं तेव्हा थांबला आणि स्वतःच हसून परत आत सरकवायला लागला. त्याच्या दृष्टीने बरोबरच आहे, गुंडाळी आहे तर आत काय आहे बघायला नको? म्हणून पिशवी देतानाच सांगून टाका की टोक ओढायचं नाही. फोटो काढून झालेले रोल टोकासकट पूर्ण आत गुंडाळा, म्हणजे ओढायला काही उरतच नाही आणि नवा-जुना ओळखताही येतो.

नाही म्हणाले तर भांडू का?

नको. आपल्याकडे हाताने तपासणी ही विनंती आहे, भांडून विमान चुकेल आणि रोल तरीही मशीनमधूनच जाईल. मशीन साधं असेल आणि रोल 400 पर्यंतचे असतील तर हसून 'ठीक है सर' म्हणा. सीटी असेल किंवा रोल 800 चे किंवा त्यावरचे असतील तर शांतपणे वरच्या अधिकाऱ्याला विचारता येईल का बघा, कधी कधी साधं मशीन असलेल्या बाजूच्या रांगेत पाठवतात, तो मार्ग मुद्दाम विचारण्यासारखा आहे.

ती शिशाची पिशवी घेऊ का? ऑनलाइन मिळते.

माझं मत विचाराल तर पैसे रोलवर घाला. शिसं एक्स-रे अडवतं हे खरं, साध्या मशीनमधे डोस कमी होतोही. पण स्क्रीनवर तिथे काळा ठोकळा दिसतो, ऑपरेटर बॅग थांबवतो, पिशवी बाहेर काढायला लावतो, आणि मग एकतर हाताने तपासतो, जे तुम्ही आधीच मागू शकला असता, नाहीतर रोल पिशवीशिवाय परत आत पाठवतो. चेक-इन सामानात तर ही पिशवी टाकूच नका, तिथल्या किरणांपुढे तिचा भरवसा नाही आणि तुम्ही समोर नसताना बॅग उघडली जाईल ते वेगळंच.

कॅमेऱ्यात अर्धा रोल आहे, आता?

सगळ्यात सोपं, एअरपोर्टला जायच्या आधी संपवून टाका. टॅक्सीतून काढा, हॉटेलच्या खिडकीतून काढा, रोल संपवायला निमित्त लागतं कुठे.

संपवायचा नसेल तर फ्रेम नंबर कागदावर लिहा, रोल हळू मागे गुंडाळा, टोक स्पूलमधून सुटल्याचा टक्क आवाज आला की थांबा म्हणजे टोक बाहेर राहील, आणि त्यावर पेनाने '14 झाले' असं लिहा. पोचल्यावर परत भरा, लेन्सला कॅप लावा, अॅपर्चर सगळ्यात बंद, शटर सगळ्यात वेगवान, अशी रिकामी क्लिक करत पुढे जा, आणि 14 च्या पुढे दोन फ्रेम जास्तीच्या सोडून सुरू करा. ऑटोमॅटिक पॉइंट अँड शूट असेल तर हे जमत नाही, तो टोकही आत ओढून घेतो.

कॅमेऱ्यात रोल तसाच ठेवून न्यायचा तर मागच्या झाकणावर 'रोल आहे, उघडू नका' अशी चिठ्ठी चिकटवा, हिंदीत किंवा इंग्रजीत. काही ठिकाणी कॅमेरा चालू आहे का बघायला क्लिक करून दाखवा म्हणतात, एक फ्रेम जाईल, जाऊ दे.

मीडियम फॉरमॅटचे 120 रोल?

त्यांना डबीच नसते, कागद आणि कागदाची चिकटपट्टी एवढंच. फॉइलमधले नवे रोल फॉइलमधेच ठेवा, काढून झालेले घट्ट गुंडाळून चिकटपट्टीवर वरून एक रबरबँड लावा. तपासणाऱ्याने पट्टी सोडली की रोल गेलाच, एक्स-रे परवडला. त्यामुळे 120 आणि कमी आयएसओ असेल, मशीन साधं असेल, तर मी सरळ मशीनमधून जाऊ देतो.

इन्स्टॅक्स, पोलरॉइड आणि डिस्पोजेबल कॅमेरे?

इन्स्टॅक्सची फिल्म 800 ची असते, पोलरॉइडची बहुतेक 640 ची, म्हणजे या दोन्ही नाजूक आहेत आणि नेमक्या याच लोक बिनधास्त सुटकेसमधे टाकतात, कारण ती खेळणी वाटतात. फोटो बाहेर येऊन पूर्ण उमटला की मग त्याला काही भीती नाही, पण पॅकमधे उरलेल्यांना आहे. डिस्पोजेबलमधे कोडॅकचा फनसेव्हर 800 चा. डेस्टिनेशन वेडिंगला गोव्याला प्रत्येक टेबलवर एक ठेवायची टूम निघालीय, तर तो खोका सामानात न टाकता कोणाच्या तरी हातात द्या, आणि परत येतानाही, कारण तेव्हाच तर आत फोटो असतात.

मेटल डिटेक्टर, बॉडी स्कॅनर, डिजिटलचं कार्ड, घरातले जुने निगेटिव्ह?

मेटल डिटेक्टरच्या दारातून रोल खिशात घेऊन गेलात तरी काही होत नाही, हातातल्या दांड्यानेही नाही, त्यात एक्स-रे नसतोच. हात वर करून उभं राहायचं ते मिलिमीटर वेव्हचं स्कॅनर, त्यानेही नाही. मेमरी कार्ड आणि डिजिटल कॅमेरा कितीही वेळा जाऊ दे. धुतलेले निगेटिव्ह, स्लाइड, प्रिंट यांनाही काही होत नाही, कारण एक्स-रे लागून बदलण्यासारखं हॅलाइड धुतानाच्या फिक्सर नावाच्या रसायनाने कधीच काढून टाकलेलं असतं. आईबाबांच्या लग्नाचे निगेटिव्ह स्कॅन करायला पुण्याहून बंगळुरूला नेताय तर खुशाल न्या.

परदेशात काय अनुभव असतो?

अमेरिकेत सगळ्यात सोपं. तिथे प्रवाशाने मागितलं तर फिल्म हाताने तपासायची असं नियमातच आहे, म्हणून ठामपणे मागा, फक्त वेळ हाताशी ठेवा. ब्रिटनमधे तसा हक्क नाही, समोरच्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर आहे आणि लंडनला कमी आयएसओचा रोल दाखवला की 'याला काही होत नाही' हे उत्तर ऐकायची तयारी ठेवा. त्यासाठी काही जण एक 3200 चा रोल पिशवीत सगळ्यात वर ठेवतात, मी काही बोलत नाही. अॅमस्टरडॅमला सगळ्या रांगांना सीटी आहे, तिथून पुढची फ्लाइट धरताना परत तपासणी लागणार असेल तर हे धरूनच चाला. सिंगापूरला मोठ्या टर्मिनलांमधे तपासणी गेटवर होते, इमिग्रेशननंतर सुटलो असं वाटतं आणि मशीन पुढे असतं. इस्तंबूलला टर्मिनलच्या दारातच एक मशीन आणि आत परत दुसरं. जपानमधे फिल्म वापरणारे अजून भरपूर, तिथे पिशवी पुढे केली की लोकांना सांगावं लागत नाही.

ट्रान्झिटची फ्लाइट असेल तर प्रत्येक ठिकाणी एक तपासणी वाढते, हे तिकीट काढताना कोणी बघत नाही. आणि मुंबईला परत उतरल्यावर कस्टम्सच्या मशीनमधे हँडबॅगही घालायला सांगतात, दहा तासांच्या प्रवासानंतर डोकं चालत नसतं तेव्हा. रोल आधीच खिशात घ्या.

कुरियरने पाठवू का त्यापेक्षा?

विमानाने जाणारं पार्सलही तपासलं जातं, आणि तिथे तुम्ही बोलायला नसता. 'न धुतलेली फिल्म, एक्स-रे करू नका' असं लिहा, लिहिल्याने नुकसान नाही, पण कोणी वाचेलच असं नाही. देशातल्या देशात लॅबला पाठवायचं तर रस्त्याने जाणारी सर्व्हिस घ्या, दोन दिवस जास्त लागतील. मुंबईत येणं-जाणं असेल तर काहीच नको, फोर्टात बोरा बझारच्या बाजूला चौकशी करा, रोल घेणारे-धुणारे अजून भेटतात.

लांबच्या ट्रिपला तिकडच्याच लॅबमधे धुऊन घेणं हा उत्तम उपाय आहे, महाग पडतो पण परतीची सगळी कटकट संपते. तसंच रोल तिकडेच विकत घेतले की जातानाचीही संपते.

रोलला एक्स-रे लागलाय हे धुतल्यावर कसं ओळखायचं? लॅबने घाण केली नसेल कशावरून?

निगेटिव्ह उजेडासमोर धरा आणि फोटो बघू नका, दोन फ्रेमच्या मधली जागा आणि कडेची भोकांची पट्टी बघा. ती नेहमीपेक्षा करडी असेल तर फॉग आहे. पण जुन्या, मुदत संपलेल्या रोललाही असाच सरसकट फॉग येतो, त्यामुळे तेवढ्यावरून एक्स-रेवर खापर फोडता येत नाही. लाटांसारखे पट्टे असतील, फ्रेमची हद्द न पाळता आरपार गेलेले, आणि रोलच्या गुंडाळीमुळे त्यांच्यातलं अंतर एका टोकाकडे कमी-कमी होत गेलेलं, तर तो स्कॅनरचाच प्रताप, बहुतेक चेक-इन सामानातला. कॅमेऱ्याच्या झाकणातून उजेड शिरला असेल तर तो एका कडेकडून येतो, कलर रोलवर लालसर-केशरी असतो. लॅबची चूक असेल तर डाग, ओरखडे, अर्धवट धुतलेला भाग असं काहीतरी दिसतं. लॅबवाल्याला बिचाऱ्याला उगाच शिव्या बसतात.

आणि धुवायच्या आधीच कळलं की रोल सीटीमधून गेलाय, तर वाचवता येतो?

लागलेलं काढता येत नाही. अजून फोटो काढायचे असतील तर कलर निगेटिव्ह किंवा ब्लॅक अँड व्हाइट रोल एक स्टॉप जास्त एक्सपोज करा, म्हणजे दुप्पट उजेड द्या, 400 चा रोल 200 समजून काढा, म्हणजे सावल्या फॉगच्या वर राहतील. संध्याकाळचे, कमी उजेडातले फोटो त्या रोलवर काढू नका. पुश करू नका. स्कॅन करताना दुधाळ झालेला काळा रंग परत काळा करून घेतला की बरंच सावरतं, फारच रंग बिघडले असतील तर ब्लॅक अँड व्हाइट करून टाका. स्लाइड फिल्मला एवढी माफी नाही.

विमान उंचावरून जातं तेव्हाचं कॉस्मिक रेडिएशन?

एका-दोन फ्लाइटने काही होत नाही, सोडून द्या. जास्त आयएसओचे रोल वर्षानुवर्षं साठवून ठेवणाऱ्यांनी त्याचा विचार करावा, कारण जमिनीवरचं नैसर्गिक रेडिएशनही हळूहळू लागतच असतं आणि त्याला फ्रिज अडवत नाही. 3200 चा रोल घ्या आणि वापरा.

मावसभाऊ न्यू जर्सीहून येतोय, रोल घेऊन ये म्हटलंय, त्याला काय सांगू?

त्याला फोनवर समजावू नका, तो 'हो हो' म्हणेल आणि रोल चॉकलेटच्या आणि बदामाच्या पिशवीबरोबर तेवीस किलोच्या बॅगेत जातील. व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा: 'दादा, रोल हँडबॅगेत, खोक्यातून काढून झिपलॉकमधे. सिक्युरिटीला हँड चेक प्लीज म्हण, तिकडे ते करतातच. मुंबईत कस्टम्सच्या मशीनच्या आधी खिशात टाक.' निघायच्या आदल्या रात्री, त्यांच्या वेळेने, पॅकिंग चालू असताना परत एकदा तोच मेसेज पाठवा, आणि जमलं तर वहिनींना पण.